आम्ही सारे शुभेच्छुक

मार्च लागला आणि आमच्या चौकात पुन्हा ते फलक चढले. 'दहावीच्या सर्व परीक्षार्थींना मनःपूर्वक शुभेच्छा!' एका कोपऱ्यात पुस्तक आणि पेनाचं चिमुकलं चित्र, बाकी सगळा फलक शुभेच्छुकांच्या तोंडांनी भरलेला. कुणी गॉगल लावलेला, कुणी मोबाइल कानाला लावून आभाळाकडे बघणारा. यातल्या निम्म्यांची दहावीशी भेट दुरूनच झाली असावी. परीक्षेला निघालेली पोरं त्या फलकाखालून सायकली दामटत जातात, एकही मान वर करत नाही. डोकं उठतं ते माझं. तीन वर्षं झाली, हा महिना आला की मी भाजीला जायचा रस्ता बदलते आणि उगीच चार गल्ल्या जास्त चालते.

अमरावतीत मार्च म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. ऊन अजून पूर्ण तापलेलं नसतं, पण दुपारी डांबराचा वास यायला लागतो. गल्लोगल्ली माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि गेल्या वर्षीचं काळं पडलेलं गवत रस्त्यावर झटकलं जातं. संत्र्याच्या गाड्या दारावरून जातात. भातकुलीकडून येणारी पोरं दप्तरात हरभऱ्याचे टहाळ कोंबून आणतात आणि आमच्या हॉलमध्ये बसून सोलतात. टरफलं अर्थातच माझ्यासाठी ठेवून जातात. झाडू कुठे आहे हे त्यांना गेल्या सहा वर्षांत कळलेलं नाही.

हॉल म्हणजे आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराची खालची मोठी खोली. कागदोपत्री तिचं नाव 'किशोर-किशोरी संवाद केंद्र' असं आहे. हे नाव समाजमंदिराच्या समितीचे अध्यक्ष गुलाबभाऊ यांनी ठेवलं, आणि ते उच्चारणारा माणूसही जगात तेवढा एकच. पोरं नुसतं 'हॉल' म्हणतात. दुपारी चार ते सात दार उघडं. तेरा ते अठरा वर्षांच्या कुणीही यावं, बसावं, जावं. हजेरी नाही, फी नाही, गणवेश नाही. दोन कॅरम बोर्ड, एक बुद्धिबळाचा पट ज्यातल्या एका घोड्याच्या जागी बाटलीचं झाकण आहे, पुस्तकांचं एक कपाट, पाण्याचा माठ आणि मोबाइल चार्ज करायला सहा खटके. खरं सांगायचं तर सुरुवातीची गर्दी त्या सहा खटक्यांसाठीच होती. एका कोपऱ्यात वानखडे सर फळा घेऊन बसतात. चाळीस वर्षं गणित शिकवून ते निवृत्त झाले, पण गणित त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. ज्याला अडेल त्यानं त्यांच्यापाशी जायचं, न अडेल त्यानं दुरून जायचं.

आणि मी. मी एस.टी.च्या चौकशीच्या खिडकीत बावीस वर्षं काढली. तेल्हारा गाडी कधी लागेल, धारणीची गेली का, परतवाड्याची येणार का. फलक डोक्यावर लावलेला असायचा, तरी माणूस खिडकीत तोंड घालून विचारायचा. उत्तर दिलं की मागचा माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. त्या खिडकीतून उठले तेव्हा कानाला खडा लावला की आता कुणी मला काही विचारायचं नाही आणि मीही कुणाला विचारणार नाही. म्हणून हॉल सुरू झाला तेव्हा मी एकच नियम घातला: इथं पोरांना काही विचारायचं नाही. कोणाचा, कुठला, किती टक्के, घरी काय सांगून आलास, काहीही नाही. या वयाच्या मुलांना दिवसभर सगळं जग तेच तर विचारत असतं.

नियम चांगला होता, असं अजूनही वाटतं. पण त्या नियमाच्या आड मी किती आरामात बसले होते, ते प्रणालीमुळे कळलं.

प्रणाली दहावीत होती. दोन घट्ट वेण्या, त्यातली एक कायम सुटलेली. पहिल्या दिवशी आली ती थेट सरांच्या फळ्यापाशी. अर्धा तास त्रिकोणमितीशी झटापट केली आणि मग उठून कॅरमच्या मागे उभी राहिली. आठवडाभर नुसती बघत होती. मग एक दिवस अंकुश नावाच्या पोट्ट्याला म्हणाली, "सरक." तो सरकला. पाच मिनिटांत तिनं बोर्ड साफ केला, राणीसकट. हॉलमध्ये पहिल्यांदा शांतता झाली. मी सांगून सांगून कधी झाली नव्हती.

त्यानंतर रोज तसंच. अर्धा तास गणित, दोन तास कॅरम, मग जायच्या आधी पुन्हा अर्धा तास गणित. खेळताना ती जिभेचं टोक दातात धरायची आणि सगळं अंग त्या एका बोटात आणायची. एरवी मान खाली घालून बोलणारी ही पोरगी स्ट्रायकर हातात आला की अंकुशला "काय बे, झोपून रायला का?" असं दरडावायची. मला फार बरं वाटायचं. माझ्या वयाची बाई दुसऱ्याच्या पोरीकडे बघून इतकी खूश होते, याचं मलाच हसू यायचं.

एकदा माठातून पाणी घेताना ती आपणहून म्हणाली, "काकू, घरी मी सरायचा क्लास सांगतला. सात वाजेपर्यंत गणित असते म्हनलं. कॅरम सांगतलं तं बाबा येऊ नाही देणार."

"मला सांगू नकोस. मला काही माहीत नाही," मी म्हटलं. ती हसली, मीही हसले. कसली शहाणी वाटले होते मी तेव्हा स्वतःला!

तिचे बाबा, दिगांबरभाऊ, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. घर एका खोलीचं, त्यात पाच माणसं. तिथं तिला पाय पसरायलाही कुणाची तरी परवानगी लागत असणार. हॉलमधले हे तीन तास तिचे होते. तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं आणि ते एका थापेवर उभं होतं. मला हे दिसत होतं. मी विचारायचं नाही म्हणून विचारलं नाही, आणि सांगायचं कुणाला म्हणून सांगितलंही नाही.

अकोल्यात माझी मैत्रीण शोभा असाच एक हॉल चालवते. तिच्या डोक्यात आलं की दोन्हीकडच्या पोरांची कॅरम स्पर्धा घ्यावी. जानेवारीच्या एका रविवारी मी आठ पोरं घेऊन निघाले. एस.टी.त त्यांनी जो गोंधळ घातला, तो बघून वाहक मला म्हणाला, "मॅडम, तुमी तर आपल्याच होत्या, मंग असा बदला काहून घेऊन रायल्या?" मूर्तिजापूर येईपर्यंत दोघांना गाडी लागली, एकाची चप्पल खिडकीतून गेली. प्रणाली खिडकीशी बसून बाहेर बघत होती. कपाशीच्या वाळक्या पराट्या, मधूनच हिरवागार गहू. मी विचारलं नव्हतं, तरी तिनं सांगितलं: "घरी सराव परीक्षा सांगतली."

शोभाच्या हॉलमध्ये ती पहिली आली. अंतिम सामन्यात तिच्या समोर अकोल्याचा एक उंच पोरगा होता, त्याला चार सोंगट्यांच्या पुढे जाऊ दिलं नाही. मी मोबाइलवर फोटो काढला. जीभ दातात, वेणी सुटलेली, बोट स्ट्रायकरवर वाकलेलं. इतका चांगला फोटो मी आयुष्यात काढला नाही. आणि परतीच्या गाडीत आनंदानं माझं बोट आवरेना, म्हणून तो गुलाबभाऊंना पाठवला. खाली लिहिलं, 'पोट्टी जिंकली!'

आता गुलाबभाऊ. माणूस वाईट नाही, हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते. पण त्यांना फोटो पाठवायचा म्हणजे वाळल्या गवतात काडी टाकायची. हॉलमध्ये पंखा बसला की उद्घाटन, माठ आणला की लोकार्पण. एकदा सहा खुर्च्या आल्या तर प्रमुख पाहुणे बोलावले होते, ते दोन तास उशिरा आले आणि त्या खुर्च्यांवर बसून पोरांना त्यांनी उभ्यानं मार्गदर्शन केलं. आमच्याकडे कुणाचं भलं झालं की ते चौकात टांगल्याशिवाय झालंसं वाटतच नाही. बारसं असो, बढती असो, नवा ट्रॅक्टर असो, फलक पाहिजे. मी इथंच जन्मले, इथंच म्हातारी झाले, मला हे ठाऊक नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणू?

बुधवारी सकाळी फलक लागला. दहा फूट रुंद. 'अकोला येथील कॅरम स्पर्धेत प्रथम क्रमांक पटकावल्याबद्दल आपल्या वस्तीची कन्या कु. प्रणाली हिचे हार्दिक अभिनंदन!' मध्ये माझा तो फोटो, भिंतीएवढा. खाली शुभेच्छुक म्हणून चौदा मुंडकी, त्यात माझंही, कुठल्याशा लग्नातल्या फोटोतून उचललेलं. समोरच्या पोराला गुलाबभाऊंनी कापून टाकलं होतं. मुलीच्या फोटोत मुलगा नको, एवढी अक्कल त्यांना होती. पण कापताना त्याचं कोपर राहून गेलं होतं. प्रणालीच्या हाताजवळ एक परकं, केसाळ कोपर.

मी ते बघितलं. गुलाबभाऊ शेजारी उभे होते, चेहरा फुललेला. "कसा झाला, ताई? रात्रीतून छापून आणला. पोरीचं नाव झालं पाहिजे!"

"उतरवा," मी म्हटलं.

"काहून? शुद्धलेखन तं वानखडे सरायकडून तपासलं!"

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, म्हणतात ते असं. फलक उतरवायला शिडी मिळेपर्यंत अकरा वाजले. तोवर सारी वस्ती त्याखालून कामावर गेली होती.

चार वाजता प्रणाली आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वानखडे सर फळ्यावर तिच्यासाठी लिहून ठेवलेलं गणित पुसेनात. "परीक्षा तोंडावर आली," म्हणत राहिले. सहाव्या दिवशी, जिनिंगची पाळी सुटायची वेळ धरून, मी तिच्या घरी गेले.

दिगांबरभाऊ दारातल्या खाटेवर बसले होते. नुकतेच आले असावेत, भुवयांवर रुई चिकटली होती. प्रणालीच्या आईनं पाणी दिलं आणि आत गेली. प्रणाली आतच होती, पडद्याखालून तिचे पाय दिसत होते. मी मनात तयारी करून गेले होते. पोरीनं खेळणं गुन्हा आहे का, काळ कुठे गेला, वगैरे. सगळं तोंडपाठ. त्यांनी मला सुरूच करू दिलं नाही.

"बाई, पोरगी जितली याचा मले राग हाय का? मी काय कसाई हाव?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"पानठेल्यावाल्यानं मले वाचून दाखवलं. म्हने, दिगांबरभाऊ, तुमची पोरगी अकोल्याले पयली आली. मी म्हनलं, माही नाही, दुसऱ्या कोणाची असंल. माही तं त्या दिवशी परीक्षा देऊन रायली व्हती. सारे हासले, बाई. फोटो समोर अन् मी म्हनतो माही नाही. मंग एकानं इचारलं, थे कोपर कोणाचं हाय?"

भुवईवरची रुई त्यांनी पुसली, ती बोटाला चिकटली.

"तुमाले माईत व्हतं? थे घरी काय सांगून येते म्हनून?"

"हो."

"साऱ्या वस्तीले सांगतलं तुमी. दहा फुटाचं सांगतलं. मंग मलेच काहून नाही सांगतलं? बाप हाव ना मी तिचा."

"चुकलं माझं," एवढं म्हटलं. गुलाबभाऊंचं नाव माझ्या जिभेच्या टोकावर होतं, पण फोटो कोणी पाठवला होता?

बोटावरची रुई झटकून ते म्हणाले, "गणिताचं नुकसान नको तिचं. येईल थे. पण मीबी संगं येईन."

आणि ते आले. दुसऱ्या दिवशी बरोबर चार वाजता, प्रणालीच्या मागोमाग. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. माठाशेजारच्या खुर्चीत दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले, ते ती उठेपर्यंत. मग रोजच. परीक्षा सुरू झाली, तरी गणिताच्या पेपरपर्यंत एक दिवस चुकला नाही. या पोरांनी आईबापांपासून दोन घटका सुटावं म्हणून हा हॉल, आणि त्यात एक सबंध बाप बसवून ठेवलेला! पोरांची गाणी बंद झाली. अंकुश माझ्याशी "जी काकू, हो काकू" करायला लागला. मुली तर दारातूनच परत जायच्या. वानखडे सर एवढे मुरलेले, पण फळ्याकडून वळताना त्यांची नजरही आधी त्या खुर्चीकडे जायची. मी आतल्या आत चरफडायचे. त्यांना काही म्हणावं तर कोणत्या हक्कानं म्हणणार? त्यात एके संध्याकाळी गुलाबभाऊ शाल-श्रीफळ घेऊन हजर झाले. 'पालक सहभाग' या विषयावर त्यांना दिगांबरभाऊंचा सत्कार करायचा होता. मी त्यांना दारातच अडवलं आणि काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. नारळ मात्र ठेवून घेतला. पोरांनी फोडून खाल्ला.

गणिताच्या पेपरला चार दिवस होते, त्या दिवशी दिगांबरभाऊ पहिल्यांदा बोलले. "बाई, तिले खेळ म्हना. मले पाहू द्या."

अंकुशनं सोंगट्या मांडल्या आणि बाजूला झाला. प्रणाली बसली. तिनं स्ट्रायकर ठेवला, बोट वाकवलं. जीभ दातात नव्हती. ओठ घट्ट मिटलेले होते. पहिला फटका नुसताच घसरला. दुसऱ्याला स्ट्रायकरच भोकात गेला. तिसऱ्याला सोंगटी हललीच नाही. अकोल्याच्या पोराला रडकुंडीला आणणारी माझी पोरगी समोरची सोंगटी घालू शकत नव्हती. तिच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता, आणि कूलर तर तिच्याच दिशेनं वाहत होता.

दिगांबरभाऊंनी बघितलं. रागावले नाहीत, हसले नाहीत. उठले, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन लिंबाच्या झाडाखाली उभे राहिले, हॉलकडे पाठ करून. ते का उठले हे मला कळलं. तिनं बिनघोर खेळावं म्हणून तो माणूस बाहेर जाऊन उभा होता. इतके दिवस मी ज्याच्यावर चरफडत होते त्याला हॉलचा नियम माझ्याआधी समजला होता.

"खेळ ना आता," अंकुश हळूच म्हणाला.

प्रणालीनं दाराकडे बघितलं. मग एक एक सोंगटी उचलून डबीत टाकली, डबीचं झाकण लावलं आणि सरांच्या फळ्यापाशी जाऊन बसली. थोड्या वेळानं दिगांबरभाऊ दारात आले. "झालं?"

"झालं," ती म्हणाली.

गणितात ती चांगल्या गुणांनी पास झाली. वानखडे सरांनी हॉलभर गुळाची भेली फोडून वाटली. पॉलिटेक्निकला तिचा नंबर लागला, तोही दिगांबरभाऊंनी स्वतः रांगेत उभं राहून अर्ज भरून. पेढे घेऊन ते माझ्या घरी आले होते. म्हणाले, "बाई, झालं थे बऱ्यासाठीच झालं. आता घरात लपवाछपवी नाही. पोरगी एक शब्द खोटं नाही बोलत." त्यांचा चेहरा इतका सुखी होता की मी दोन पेढे खाल्ले. हॉलमध्ये ती त्यानंतर आली नाही. तिला वेळ मिळत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मी नियम बदलला. आता नवीन पोर आलं की मी विचारते, घरी माहीत आहे का? त्यातली काही पोरं हो म्हणतात, काही पुन्हा येत नाहीत. दोन्ही वेळा मला वैताग येतो.

परवा भाजी घेऊन त्या लांबच्या रस्त्यानं येत होते, तर समोरून प्रणाली आली. शेवटच्या वर्षाला आहे. वेण्या गेल्या, केस आखूड केलेत, हातात ड्रॉइंगची लांब गुंडाळी. "काकू!" म्हणून आपणहून थांबली, माझ्या पिशवीतलं ओझं हातात घेतलं. अभ्यास, सरांची तब्येत, उन्हाळा, सगळं बोलून झालं. मी विचारलं, "कॅरम?"

"कॉलेजात खेळतो ना. मांगच्या महिन्यात नागपूरले जाऊन आलो."

मला इतका आनंद झाला की रस्त्यातच तिचा हात धरला. "बाबा काय म्हणाले?"

तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"थे तं लय खूश असतात, काकू. साऱ्यायले सांगतात, माही पोरगी खोटं नाही बोलत म्हनून." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाहीच बोलत मी खोटं. घरी आता मी काहीच नाही बोलत."